आधीं डोळा, मग हात

मूल शाळेंतून घरीं आलें, कीं आपण त्याच्या दप्तरांतील गणिताची वही प्रथम उघडतों. चित्रकलेच्या वहीची आठवण बहुधा रद्दी बांधतांनाच होते. सुशिक्षित घरांतहि हा विषय करमणुकीचा मानला जातो आणि परीक्षा जवळ आली, कीं त्याचा तास पहिल्यानें कापला जातो. यांत आपण नेमकें काय गमावतों, तें पाहावें या हेतूनें हा लेखनप्रपंच आहे.

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमची सहावींतील पुतणी आपली वही घेऊन आमच्याकडे आली. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी, झोपडी व एक नारळाचें झाड असें तें चित्र होतें. रंग कोठेंहि रेषेबाहेर गेलेला नव्हता आणि खालीं 'उत्तम' असा शेरा होता. "हे डोंगर तूं कोठें पाहिलेस?" असें आम्हीं विचारलें. ती निःशंकपणें म्हणाली, "काका, डोंगर असेच काढायचे असतात!"

आमच्या गच्चीच्या एका कोपऱ्यांतून, नव्या इमारतींच्या फटींतून कां होईना, पर्वती दिसते. रोज तेथें कपडे वाळत घालणाऱ्या मुलीला डोंगर कसा असतो हें दुसऱ्याच्या चित्रावरून ठरवावें लागावें, हा दोष तिचा नव्हे. तिला आपण काढावयास शिकविलें, पाहावयास शिकविलें नाहीं.

नकलेची ही संवय जुनी आहे. मुंबईस १८५७ सालीं जे. जे. कलाशाळा निघाली, तेव्हांच्या शिक्षणांत पाश्चात्य नमुने गिरविण्यास मोठें स्थान होतें. तथापि त्याच शाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांस अजिंठ्याच्या लेण्यांत नेलें व मूळ भित्तिचित्रांसमोर बसवून त्यांच्या प्रतिकृति करविल्या. तीहि नक्कलच, परंतु ती मूळ वस्तु तासन्‌तास न्याहाळून केलेली होती. पुढें १८९७ त व्हिएन्ना शहरीं फ्रान्झ चिझेक यांनीं खास मुलांसाठीं वर्ग काढला आणि मुलाची दृष्टि मोठ्यांहून निराळी असते व ती जपली पाहिजे, हा विचार रुजविला.

आपल्याकडील एलिमेंटरी रेखाकला परीक्षेंत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिति व अक्षरलेखन यांची कसोटी लागते. या विषयांची निवड मोठी मार्मिक आहे. दोष आहे तो तयार चित्रें पाठ करून परीक्षेस बसण्याच्या रीतींत. वास्तविक दहा ते तेरा वर्षांच्या मुलांस या चारहि विषयांचे धडे घरींच देतां येतात.

वस्तुचित्रासाठीं घरांतील तांब्या पुरे. तो जमिनीवर ठेवून उभ्यानें पाहिला, तर त्याचें तोंड जवळजवळ गोल दिसतें. मेजावर ठेवला, तर लंबगोल होतें. आणि डोळ्यांच्या पातळींत फडताळावर ठेवला, तर केवळ एक आडवी रेषा उरते. हीं तीन चित्रें एकाच कागदावर काढणारें मूल यथादर्शनाचा पहिला नियम स्वतः शोधून काढतें. पुढें त्याला बाजीराव रस्त्यावरील राजा दिनकर केळकर संग्रहालयांत न्यावें. तेथील दिवे, अडकित्ते आणि वज्र्या पाहिल्यावर रोजच्या वापरांतील वस्तूला किती रूपें देतां येतात, हें निराळें सांगावें लागत नाहीं.

स्मरणचित्रासाठीं विश्रामबागवाड्यासारखें स्थळ नाहीं. १८०७ च्या सुमाराच्या त्या वाड्याचे सुरूच्या आकाराचे लांकडी खांब मुलानें पांच मिनिटें नुसते पाहावे आणि घरीं येऊन काढावे. जें आठवलें नाहीं, तें आपण पाहिलेंच नव्हतें, हें त्यास आपोआप कळतें.

संकल्पचित्राची गुरु तर घरांतच बसलेली असते. आजीची ठिपक्यांची रांगोळी म्हणजे समतोल व पुनरावृत्ति यांचा उत्तम पाठ होय. चौकटीच्या कागदावर ठिपके जोडतां जोडतां भूमितीशींहि सलगी होते. आणि दिवाळींतील किल्ला? माती, दगड, गोणपाट व मूठभर अळीव एवढ्या साहित्यावर तो उभा राहतो. मात्र आधीं कागदावर आराखडा काढावा, म्हणजे बुरुजापेक्षां मावळा उंच होत नाहीं!

वडील माणसांस एकच पथ्य आहे: मुलाच्या हातांतील पेन्सिल आपल्या हातांत घेऊं नये. चूक दिसली, तर "पुन्हां एकदां वस्तूकडे पाहा," एवढेंच म्हणावें. मुलाचा किल्ला बापानें बांधला आणि चित्र आईनें रंगविलें, तर शेजारीपाजारीं वाहवा होईल. पण मूल मात्र रितेंच राहील.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं पुतणीस पाटी-कागद घेऊन गच्चीवर बसविलें. अर्ध्या तासानें ती धांवत खालीं आली. "काका, पर्वतीला टोंक नाहींच!" कागदावर एक वांकडी, ओबडधोबड टेकडी होती आणि तिच्या माथ्यावर देवळाचा कळस. आमच्या वहिनींनीं तें पाहून काळजीनें विचारलें, "अशा चित्राला शाळेंत गुण कमी पडले तर?"

पडतीलहि. परंतु पहिलें चित्र वर्गांतील कोणत्याहि मुलीचें असूं शकलें असतें. दुसरें तिचें एकटीचें होतें. तें आम्हीं दिवाणखान्यांत दिनदर्शिकेशेजारीं लावलें आहे. आमच्या वाचकांनीं येत्या रविवारीं आपापल्या घरांतील मुलांसमोर एक तांब्या ठेवून पाहावा, एवढीच विनंति.