गर्द सुटल्यानंतरचे दिवस

गर्दच्या आहारी गेलेला मुलगा केंद्रात दाखल होतो, आठ-पंधरा दिवस अंगदुखी, जुलाब, उलट्या, जागरणं सोसतो आणि ‘सुटला एकदाचा’ म्हणत घरचे त्याला परत आणतात. त्याच्या जिवाला सर्वांत मोठा धोका असतो तो नेमका इथून पुढे. गर्दमधलं हेरॉइन, कोडीन, ट्रामाडोल हे सारे अफूच्या जातकुळीतले पदार्थ नशा देतात तसे श्वासही मंद करतात. रोजच्या सेवनाने शरीराला त्याची सवय होते. सेवन थांबलं की ही सवय काही दिवसांतच उतरते, ओढ मात्र महिनोन्‌महिने राहते. मग एका दुबळ्या क्षणी जुन्याच मापाने डोस घेतला जातो आणि श्वास थांबतो. म्हणून नुसतं शरीर नशामुक्त करून घरी सोडणं हा अर्धवट, प्रसंगी घातक उपचार आहे.

उरलेला अर्धा भाग औषधाचा, आणि तिथेच आपलं घोडं अडतं. ब्युप्रेनॉर्फिन हे औषध मेंदूत अफूवर्गीय पदार्थांच्याच जागा व्यापतं, पण सौम्यपणे. ठरावीक मात्रेनंतर त्याचा श्वासावरचा परिणाम फारसा वाढत नाही. ओढ शमते, माणूस कामावर जाऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 मध्येच ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. फ्रान्सने नव्वदीच्या दशकात साध्या फॅमिली डॉक्टरांना ते लिहून देण्याची मुभा दिली, तेव्हा 1995 ते 1999 या काळात अतिसेवनाने होणारे मृत्यू सुमारे 79 टक्क्यांनी घटले. ‘एक नशा सोडवायला दुसरी नशा’ हा आक्षेप त्यापुढे टिकत नाही. मधुमेही वर्षानुवर्षं इन्सुलिन घेतो, त्याला कुणी व्यसनी म्हणत नाही. गोळ्या बाहेर विकल्या जातील, ही भीती मात्र खरी आहे. त्यासाठीच केंद्रात समोर डोस देण्याची पद्धत आहे आणि गोळीत नॅलोक्सोन हा अफूवर्गीय नशेवरचा उताराही मिसळतात; ती विरघळवून टोचली तर नशेऐवजी त्रास होण्याची शक्यता अधिक. गैरवापर यानेही पूर्ण थांबत नाही, पण तेवढ्यासाठी औषधच नाकारणं महागात पडतं.

2019 साली आलेल्या एम्सच्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशातले 2.06 टक्के लोक अफूवर्गीय पदार्थ घेतात. त्यांतल्या अनेकांना दवाखान्यापेक्षा पोलिसांची धास्ती जास्त. वास्तविक, स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचारांना येणाऱ्या व्यसनाधीन व्यक्तीला, सेवन वा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात, अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम 64-अ खटल्यापासून संरक्षण देतं. सरकारची 14446 ही मोफत हेल्पलाइन आहे. केंद्र निवडताना खोल्या नि खर्च सगळेच विचारतात. त्याआधी विचारायला हवं ते हे: घरी सोडल्यावर औषध कोण देणार, किती काळ, आणि पुन्हा घसरला तर दार उघडं असेल का?