आज एसडीबी, उद्या एसडीसी

लिनक्सला दोन-तीन यूएसबी डिस्क जोडल्या की कर्नल त्यांना सापडतील त्या क्रमाने एसडीए, एसडीबी अशी नावं देतो. रीबूटनंतर क्रम बदलला की बॅकअप भलत्याच डिस्कवर! म्हणून एफएसटॅब फाइलमध्ये ही नावं लिहूच नका, यूयूआयडी लिहा. तो फाइल सिस्टिममध्येच साठवलेला असतो. पोर्ट बदला, केबल बदला, त्याला फरक पडत नाही. फॉरमॅट केलं की मात्र नवा मिळतो. आणि डीडीने हुबेहूब क्लोन केलेल्या डिस्कचा यूयूआयडी मूळ डिस्कचाच असतो, त्यामुळे दोन्ही एकदम जोडू नका.

सोबत 'नोफेल' हा पर्याय टाकाच. नाहीतर डिस्क जोडायची राहिली, तर सिस्टिमडी बूट होताना एरवी ९० सेकंद वाट बघतो आणि मग थेट इमर्जन्सी मोडमध्ये नेऊन सोडतो.