रमची पारख

परदेशांत नोकरीस असलेला मुलगा सुटींत घरीं येतो आणि बॅगेंतून एक जड, रुंद खांद्यांची बाटली काढून वडिलांपुढें ठेवतो. आंत काळसर तांबडा द्रव, चिठ्ठीवर ठळक अक्षरांत वर्षांचा आंकडा, आणि किंमत अशी कीं ती ऐकून आईनें कपाळाला हात लावावा. वडील बाटली उजेडासमोर धरतात आणि समाधानानें म्हणतात, "रंगच सांगतो, चांगली जुनी आहे." सुशिक्षित घरांतून हल्लीं असा प्रसंग दुर्मिळ राहिलेला नाहीं. पण त्या वडिलांच्या विधानास आधार फारसा नसतो. रंगावरून रमचें वय कळत नाहीं; चिठ्ठीवरील आंकड्यावरूनहि तें नेहमीं कळतेंच असें नाहीं. स्कॉच व्हिस्कीला वयाच्या व भेसळीच्या बाबतींत जे कडक नियम आहेत, तसे नियम रमला सर्व देशांत लागू नाहींत, आणि या ढिलाईचा भुर्दंड गिऱ्हाइकाला पडतो. म्हणून पैसे मोजण्यापूर्वीं हें मद्य होतें कसें, एवढें तरी माहीत असावें.

रम हें उंसाचें मद्य. रस आटवून साखरेचे कण वेगळे काढले म्हणजे मागें काळी, चिकट, कडवट-गोड मळी उरते. तींत पाणी व किण्व घालून ती आंबवितात, आणि त्या आंबवणाचें ऊर्ध्वपातन केलें म्हणजे रमचा अर्क निघतो. गाळपाच्या दिवसांत कोल्हापूर-सांगलीकडच्या एखाद्या साखर कारखान्यावरून ज्यानें प्रवास केला आहे, त्याला या कच्च्या मालाचा वास निराळा सांगावयास नको. उंसापासून मद्य करण्याची कल्पना या देशास नवी नाहीं. मनुस्मृतींत सुरेचे गौडी, पैष्टी व माध्वी असे तीन प्रकार सांगितले आहेत, त्यांतील गौडी ही गुळाचीच. परंतु ज्याला जग रम म्हणून ओळखतें, त्याचें माहेर वेस्ट इंडीज बेटें हें होय.

रिचर्ड लिगन नांवाचा इंग्रज १६४७ ते १६५० या काळांत बार्बाडोस बेटावर राहिला. त्यानें १६५७ सालीं प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांत या पेयाचा 'किल-डेव्हिल', म्हणजे सैतानमार, अशा नांवानें उल्लेख आहे. त्यावरून त्या वेळच्या अर्काची चव काय असेल याची कल्पना करावी. उंसाच्या मळ्यांत राबणारे हात मात्र आफ्रिकेंतून धरून आणलेल्या गुलामांचे होते, आणि ती गोष्ट वगळून रमचा इतिहास सांगतां येत नाहीं. १८३३ च्या कायद्यानें ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी बंद झाली, तरी मळेवाल्यांना मजूर हवेच होते. ते करारानें बांधून भारतांतून नेण्यांत आले. मॉरिशसला गेलेल्या त्या मजुरांत कोकणांतील मराठी माणसेंहि होतीं, आणि त्यांचे वंशज आजहि तेथें गणेशचतुर्थी साजरी करतात. उंसाच्या गोडीचा हिशेब असा पुष्कळ घरांपर्यंत पोंचलेला आहे.

आतां भट्टीकडे वळावें, कारण चवीचें मुख्य रहस्य तेथेंच आहे. जुनी रीत म्हणजे तांब्याच्या मोठ्या हंड्यांत एकेक खेप करून अर्क काढण्याची. या रीतींत मळीचा गंध, जडपणा व तेलकटपणा पुष्कळसा अर्काबरोबर उतरतो. हिचा पराकोटीचा नमुना पाहावयाचा तर जमैका बेटाकडे पाहावें. तेथील कांहीं जुने कारखाने मळी एकदोन दिवसांत आंबवून मोकळे होत नाहींत. तें काम आठवडा, पंधरवडा, प्रसंगीं त्याहूनहि अधिक काळ चालूं देतात. शिवाय मागील खेपेंत अर्क निघून गेल्यावर हंड्यांत जो आंबट शेष उरतो, तो पुढच्या आंबवणांत मिसळतात. कोणास येथें विरजणाची आठवण होईल. पण ती उपमा पुरती लागू पडत नाहीं, कारण हा शेष उकळलेला असतो. त्याचें काम आंबवणाला आम्लता देण्याचें. त्याशिवाय खड्ड्यांत मुरविलेल्या अशाच उरल्यासुरल्या द्रव्यांत जिवाणू निरनिराळीं आम्लें तयार करतात, आणि आम्ल व अल्कोहोल यांच्या संयोगानें एस्टर नांवाचीं सुवासिक द्रव्यें निर्माण होतात. खड्ड्याला स्वतःला जो वास येतो, त्याविषयीं न बोललेलें बरें. पण त्याचा परिणाम म्हणून अर्काला पिकलेल्या अननसाचा, काळ्या पडत चाललेल्या केळ्याचा असा भरगच्च गंध येतो. कोकणांतील माणसाला ज्येष्ठांत माजघरांत ठेवलेला कापा फणस आठवल्याशिवाय राहणार नाहीं. जमैकांत या एस्टरांचें प्रमाण शंभर लिटर शुद्ध अल्कोहोलमागें १६०० ग्रॅमपर्यंत जाऊं देतात. हलक्या रममध्यें तें शंभराच्याहि पुष्कळ खालीं असतें. सोळाशेंच्या घरांतली रम कोणी तशीच पीत नाहीं. ती दुसऱ्या रममध्यें किंवा मिठाईंत चिमूटभर हिंगासारखी वापरतात.

दुसरी रीत उंच स्तंभाच्या भट्टीची. आयर्लंडांतील ईनियस कॉफी यानें १८३० सालीं तिचें पेटंट घेतलें. हींत काम अखंड चालतें आणि अर्क स्वच्छ, हलका निघतो. १८६२ सालीं क्युबांतील सांतियागो येथें फाकुंदो बाकार्दी यानें कारखाना काढला व कोळशांतून गाळलेली सौम्य रम लोकप्रिय केली; सरबतासारख्या मिश्रणांत तीच शोभते. तिसरा प्रकार मार्टिनिक या फ्रेंच बेटाचा. युरोपांत बीटची साखर होऊं लागल्यावर उंसाच्या साखरेचा भाव पडला, तेव्हां तेथील मळेवाल्यांनीं मळीची वाट न पाहतां ताज्या रसापासूनच मद्य काढण्यावर भर दिला. तिला हिरव्या उंसाचा, कापलेल्या गवताचा वास येतो. १९९६ पासून फ्रेंच सरकारनें तिच्या निर्मितीला द्राक्षमद्यासारखे काटेकोर नियम लावले आहेत. रसवंतीच्या देशांतील माणसाला ही रम एकदां तरी कुतूहलाची वाटावी.

भट्टींतून निघणारा कोणताहि अर्क पाण्यासारखा रंगहीन असतो. रंग येतो तो ओक लाकडाच्या पिंपांतून. अमेरिकेंतील बूर्बन व्हिस्कीला कायद्यानें नवीन, आंतून जाळलेलेंच पिंप लागतें. म्हणून एकदां वापरलेलीं पिंपें स्वस्तांत वेस्ट इंडीजला जातात, आणि रम त्यांत मुरते. लांकूड तिला रंग देतें, व्हॅनिलासारखा सुवास देतें आणि तिखटपणा बोथट करतें. उष्ण हवेंत हें सर्व लवकर घडतें. पण त्याची किंमतहि मोजावी लागते. स्कॉटलंडांत पिंपांतून दरवर्षीं दोन टक्क्यांच्या आसपास मद्य हवेंत उडून जातें. वेस्ट इंडीजच्या उन्हांत हा तोटा सहा टक्के व अधिकहि होतो. म्हणून बार्बाडोसमध्यें बारा वर्षें मुरलेली रम आणि पिंपें थंड ब्रिटनला नेऊन बारा वर्षें ठेवलेली रम, यांचें वय कागदोपत्रीं एक असलें तरी वस्तु एक नसते.

आतां रंगाचा घोटाळा ध्यानांत येईल. जळलेल्या साखरेचा रंग घालण्यास बहुतेक देशांत परवानगी आहे, आणि काल निघालेला अर्कहि त्यानें तासाभरांत काळाभोर होतो. उलट कांहीं पांढऱ्या रम दोनतीन वर्षें पिंपांत राहून नंतर कोळशांतून गाळून रंगहीन केलेल्या असतात. काळी ती म्हातारी आणि पांढरी ती कोवळी, हा हिशेब केसांनाहि लागू पडत नाहीं आणि रमलाहि नाहीं.

आंकड्याचा प्रकार याहून सूक्ष्म आहे. जमैका व बार्बाडोस येथील चांगले कारखाने मिश्रणांतील सर्वांत तरुण रमचें वय बाटलीवर घालतात. हीच प्रामाणिक रीत. परंतु लॅटिन अमेरिकेंतील कित्येक बाटल्यांवरचा आंकडा सर्वांत वृद्ध थेंबाचा किंवा नुसत्या सरासरीचा असतो. वर्गांतील एक मुलगा पहिला आला म्हणून सगळा वर्ग पहिला आला असें म्हणण्यासारखेंच हें. आंकड्यापुढें 'वर्षें' हा शब्द स्पष्ट छापलेला आहे कीं आंकडा नुसताच मिरवीत आहे, एवढें पाहिलें तरी पुष्कळ उलगडा होतो.

सर्वांत मोठी लबाडी साखरेची. भट्टींतून साखर वर येत नाहीं. अर्क स्वभावतः गोड नसतो. तरीहि महागड्या रममध्यें मागाहून साखर घालून तिला जिभेवर मखमली करण्याची चाल आहे, आणि नवशिक्या गिऱ्हाइकाला तो मऊपणा वयाचाच वाटतो. जमैकाच्या नियमांत अशी साखर घालण्यास मनाई आहे. युरोपीय संघानें २०१९ च्या नियमावलींत लिटरमागें २० ग्रॅमची मर्यादा घातली. स्वीडन व फिनलंड येथील सरकारी मद्यदुकानें साखरेचें प्रमाण जाहीर करतात, ही अनुकरणीय गोष्ट आहे. घरीं करण्याजोगी परीक्षा सोपी आहे: चमचाभर रम कांचेच्या बशींत ओतून वाळूं द्यावी. बशीवर पुसटसा डाग राहिला तर चिंता नाहीं. बोटाला चिकट पाक लागला तर पैसे कशाचे दिले तें समजलें. शास्त्राची आवड असलेल्यानें अल्कोहोलमापक तरंगवून पाहावा. साखरेनें द्रवाची घनता वाढते, त्यामुळें मापक कमी बुडतो आणि चिठ्ठीवर छापलेल्यापेक्षां कमी अल्कोहोल दाखवतो.

भारतीय बाटल्यांवर ४२.८ टक्के असा चमत्कारिक आंकडा असतो, तो इंग्रजी 'प्रूफ' मापाचा वारसा होय. त्या मापांत १०० अंश म्हणजे सुमारें ५७ टक्के अल्कोहोल, आणि भारतीय मद्य ७५ अंशांचें. बंदुकीची दारू रममध्यें भिजवूनहि पेटली तर ती रम कसाला उतरली, अशी या मापाच्या उगमाची कथा सांगतात. इंग्रजी आरमारांत खलाशांना रोज रम मिळत असे. १७४० सालीं ॲडमिरल व्हर्नन यानें ती पाणी घालून देण्याचा हुकूम सोडला, आणि ही प्रथा पुढें ३१ जुलै १९७० रोजीं बंद झाली. भारतीय रम बहुतांशीं मळीची आणि स्तंभाच्या भट्टीची. १९५४ सालीं मोहन मीकिन यांनीं आणलेली ओल्ड मंक ही तिची प्रसिद्ध प्रतिनिधि. नाताळच्या केकपासून सैनिकांच्या कँटीनपर्यंत तिचा संचार आहे. ती व्हॅनिलाच्या वळणाची व गोडसर आहे, आणि तिच्या किंमतींत तिच्याशीं भांडण्याचें कारण नाहीं. मौज अशी कीं, भारतांत व्हिस्की म्हणून खपणारें पुष्कळसें मद्यहि मळीच्याच अर्काचें असतें, आणि युरोपचा कायदा त्याला व्हिस्की मानीत नाहीं.

चांगली रम चाखावयाची तर पेला तळाशीं रुंद व तोंडाशीं निमुळता घ्यावा. तीस मिलिलिटर पुष्कळ झाली. ओतल्यावर पांचदहा मिनिटें थांबावें. तिखट वाफ निघून जाते. अत्तरासारखें नाक खुपसून हुंगूं नये. तोंड किंचित् उघडें ठेवून पेला दुरूनच नाकाशीं आणावा. पहिला घोंट नुसता जीभ ओली होण्यापुरता. दुसऱ्याच्या वेळीं खरा स्वाद घशामागून नाकांत चढतो. मग चमचाभर पाणी घालावें. कडक रमचे दडलेले गंध त्यानें मोकळे होतात. बर्फानें गंध गोठतो, आणि कोलामध्यें बारा वर्षांची रम ओतणें म्हणजे आंब्याच्या रसांत तिखट कालवण्यासारखें आहे. कोलासाठीं साधी बाटली पुरते. दोन निरनिराळ्या रम शेजारीं ठेवून चाखल्यास एका संध्याकाळीं जेवढें समजतें, तेवढें एकच बाटली वर्षभर पिऊन समजत नाहीं.

थंडीवर व सर्दीवर रम औषधी, हा समज घरोघरीं आहे. तो खोटा आहे. अल्कोहोलनें त्वचेखालील रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून ऊब वाटते. पण त्याच वाटेनें अंगांतली उष्णता बाहेर जाते. मुलांना तर चमचाभरहि देऊं नये. मद्याचें कोणतेंहि प्रमाण आरोग्यास निर्धोक नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं स्पष्ट सांगितलें आहे. महाराष्ट्रांत १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणें मद्य बाळगण्यास व पिण्यास परवाना लागतो, कडक मद्यासाठीं पंचवीस वर्षांची वयोमर्यादा आहे, आणि वर्धा व गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे.

बाटली उभी ठेवावी. आडवी ठेवल्यास अल्कोहोल बुचाला खातें. अर्धी रिकामी झालेली बाटली वर्षानुवर्षें जपूं नये, आंतल्या हवेनें गंध मरतो. आणि रात्रीचा पेला लगेच विसळूं नये. सकाळीं तो रिकामा पेला हुंगावा: चांगल्या रमचा असेल तर त्यांत ओल्या लांकडाचा, जायफळाचा, काकवीचा वास अजून रेंगाळत असतो.