खोती: महसुलाच्या वादातले दोन वकील

एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यातल्या कुळाचं देणं ठरायचं ते शेताच्या बांधावर. भात तयार झालं की खोताचा, म्हणजे गावाचा सारा (जमीनमहसूल) सरकारात भरणाऱ्याचा, माणूस येऊन उभ्या पिकाचा अंदाज बांधी. याला ‘अभावणी’ म्हणत. तिच्यावरून अर्धेली कुळानं निम्मं धान्य घालायचं, तिर्धेली कुळानं तिसरा हिस्सा. खोत सरकारात ठरलेला सारा भरी. उरेल तो त्याचा फायदा. शिवाय खोतासाठी फुकट राबायची वेठ होतीच. धारेकरी म्हणवणाऱ्या शेतकऱ्याला मात्र ठरलेला धारा, म्हणजे सारा, भरला की पुरे.

खोत हा जमिनीचा मालक की सरकारचा वसुलीदार? या प्रश्नावर तीन पिढ्या वकिली चालली.

या वादातलं पहिलं मोठं नाव रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक. त्यांचा जन्म 1833 मध्ये दापोली तालुक्यातल्या मुरूडचा. सरकारी नोकरी सोडून ते मुंबई हायकोर्टात वकील झाले. 1864 मध्ये त्यांनी ‘नेटिव्ह ओपिनियन’ हे पत्र काढलं, 1874 मध्ये ते मुंबईच्या कायदेमंडळावर गेले आणि पुढे सरकारी वकीलही झाले. खोती हे वंशपरंपरेचं वतन आहे, सरकारनं त्यात मनाला येईल तसा हात घालू नये, ही खोतांची बाजू त्यांनी हिरिरीनं मांडली.

वाद पेटला होता पैमाशीमुळे, म्हणजे जमिनीच्या सरकारी मोजणीमुळे. 1865 च्या पाहणी कायद्यानंतर सरकारी अधिकारी कुळानं खोताला काय द्यावं हेही ठरवू लागले आणि खोत उठले. त्यातच 1876 च्या महसुली अधिकारक्षेत्र कायद्यानं साऱ्याच्या आकारणीविरुद्ध दिवाणी कोर्टात जाण्याची वाट बंद केली. मग वकिलांचं रणांगण बदललं. कोर्टाइतकंच महत्त्व आलं कायदेमंडळाला, अर्जांना आणि दप्तराला.

त्यातून 1880 चा खोती कायदा आला. 1845-46 च्या आधीपासून सलग जमीन कसणाऱ्या कुळांना त्यानं कायम कुळाचा हक्क दिला. पण पस्तीस वर्षांची वहिवाट सिद्ध करायची कशी? खोताकडे कागद होते आणि वकील होता. कुळाकडे बहुधा यातलं काहीच नव्हतं.

ती उणीव भरून काढायला उभे राहिले बॅरिस्टर भीमराव आंबेडकर. त्यांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातलं, म्हणजे मंडलिकांच्या दापोलीला लागूनच. 17 सप्टेंबर 1937 रोजी त्यांनी मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. खोतांना वाजवी भरपाई द्यावी, पण कुळाचा संबंध थेट सरकारशी यावा, ही त्यातली मुख्य मागणी. 10 जानेवारी 1938 रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. विधेयक तेव्हा मंजूर झालं नाही. खोती नाहीशी करणारा कायदा 1949 चा. तो 15 मे 1950 पासून लागू झाला.

मंडलिकांची विद्वत्ता वादातीत होती. तरीही न्याय कुळाच्या बाजूला होता, आणि तो मिळायला कुळाला स्वतःचा वकील मिळावा लागला.

कागद ज्याच्या हाती त्याची बाजू भक्कम, हे आजही तितकंच खरं. फक्त आज भांडण साऱ्याचं कमी आणि घरपट्टीचं जास्त असतं. नगरपरिषद आकारणीची यादी लावते, हरकती मागवते. ग्रामपंचायतीच्या आकारणीवर पंचायत समितीकडे अपील करता येतं. घराचं क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वापर या नोंदी यादीत नीट पाहा. चूक दिसली तर लेखी हरकत मुदतीत द्या आणि पोच घ्या.