वर कुंपण, खाली एकच गटार

भूमध्य समुद्रातल्या सायप्रस बेटाची राजधानी निकोसिया. या शहराच्या मधोमध काटेरी तारा, वाळूची पोती आणि पिंपे रचून सीमा आखलेली आहे. दक्षिणेला ग्रीक भाषक ख्रिस्ती, उत्तरेला तुर्की भाषक मुसलमान. १९७४ नंतर माणसांची ये-जा थांबली. पण सांडपाण्याला फक्त उतार कळतो, कुंपण कळत नाही! सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ग्रीक बाजूचे महापौर लेलोस दिमित्रियादिस आणि तुर्की बाजूचे मुस्तफा अकिंजी एकत्र बसले आणि दोन्हीकडचे सांडपाणी एकाच केंद्रात न्यायचे ठरले. गटाराचे जमले, मग राज्यकारभाराचे का जमू नये?

वाटणी कागदावर, विश्वास शून्य

१९६० मध्ये इंग्रज गेले. लोकसंख्येत ग्रीक सुमारे ऐंशी टक्के, तुर्क अठरा टक्क्यांच्या आसपास. राज्यघटनेने अध्यक्ष ग्रीक, उपाध्यक्ष तुर्क अशी वाटणी केली. दोघांनाही नकाराधिकार दिला. सरकारी नोकऱ्या ७०-३० ठरल्या. ग्रीकांना हा वाटा जास्त वाटला, तुर्कांना तो जगण्याचा आधार वाटला. १९६३ च्या डिसेंबरात रक्त सांडले आणि १९६४ मध्ये संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आली. तिचे सेनापती असतानाच आपले कोडगूचे जनरल थिमय्या १९६५ च्या डिसेंबरात तिथेच वारले.

१५ जुलै १९७४ रोजी ग्रीसच्या लष्करशहांच्या चिथावणीने तिथे बंड झाले. पाचच दिवसांनी तुर्कस्तानचे सैन्य उतरले आणि बेटाचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग त्याच्या ताब्यात गेला. दीड लाखाहून अधिक ग्रीक दक्षिणेला आले, चाळीस हजारांहून अधिक तुर्क उत्तरेला गेले. दोन्ही समाजांचे मिळून दोन हजारांवर लोक बेपत्ता झाले. त्यांची हाडे शोधण्याचे काम दोन्हीकडचे तज्ज्ञ एकत्र करतात.

मार्ग तीन

पहिला मार्ग एकसंध राज्याचा. त्यात बहुमताच्या जोरावर आपण चिरडले जाऊ, ही तुर्कांची भीती. दुसरा दोन स्वतंत्र राज्यांचा. उत्तरेने १९८३ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केले, पण तुर्कस्तानखेरीज कोणीच मान्यता दिली नाही. तिसरा मार्ग दोन घटकांच्या संघराज्याचा. १९७७ मध्ये दोन्ही नेत्यांनी तो तत्त्वतः मान्य केला होता.

संघराज्य घडण्याची मोठी संधी २००४ मध्ये आली. कोफी अन्नान यांच्या योजनेवर २४ एप्रिलला दोन्हीकडे मतदान झाले. तुर्कांपैकी सुमारे ६५ टक्के 'हो' म्हणाले, ग्रीकांपैकी सुमारे ७६ टक्के 'नाही'! तुर्की सैन्य पूर्ण जाणार नाही, सगळ्यांना आपली घरे परत मिळणार नाहीत, हे ग्रीकांना मान्य नव्हते. शिवाय युरोपीय संघाचे सदस्यत्व आठच दिवसांत मिळणार होते, उत्तर काहीही आले तरी. मग तडजोडीची घाई कशाला?

गटाराचा करार करणारे अकिंजी पुढे तुर्की सायप्रसींचे नेते झाले. २०१७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या वाटाघाटींत तेच टेबलाशी होते. सैन्य आणि सुरक्षेची हमी याच मुद्द्यांवर गाडे अडले. त्यांच्यानंतरचे नेते दोन राज्यांचा आग्रह धरीत राहिले. २०२५ च्या ऑक्टोबरात मात्र उत्तरेच्या मतदारांनी संघराज्याच्या बाजूचे तुफान एर्हुरमन यांना निवडून दिले.

दाराशी उभी माणसे

खरा पेच घरांचा आहे. २००३ मध्ये नाकी उघडली तेव्हा हजारो लोक आपले जुने घर बघायला गेले. दार उघडणारे कुटुंबही अनेकदा पलीकडे आपले घर सोडून आलेले असे. अशा वेळी घर कोणाचे म्हणायचे? ज्याच्या नावावर आहे त्याचे, की तीस वर्षे त्यात संसार केला त्याचे? परत देणे, मोबदला देणे किंवा अदलाबदल करणे, यांपैकी कोणताही उपाय निवडला तरी एका घरातले दुःख उरतेच.

बहुसंख्याला कारभार अडू नये असे वाटते, अल्पसंख्याला आपण बुडू नये असे वाटते. दोन्ही मागण्या रास्त आहेत. १९६० मध्ये टक्के मोजून दिले गेले, पण एकत्र काम करण्याची सवय कोणी लावली नाही. ती दोन महापौरांनी लावून पाहिली, तीही जमिनीखाली. आता ती जमिनीवर यायला हवी.