घरचा आधार व परगांवचें शिक्षण

शालान्त परीक्षा उतरल्यावर आमच्या शाळेंतील कित्येक विद्यार्थी उच्च शिक्षणासाठीं पुण्यास, मुंबईस किंवा त्याहूनही दूर जातात. गादी, पुस्तकें व लाडवांचा डबा यांची सिद्धता घरोघर उत्साहानें होते. परंतु नवख्या शहरीं मनावर जो ताण पडतो त्याची सिद्धता बहुधा कोणी करीत नाहीं. एकाच वसतिगृहांत सारख्याच बुद्धीचे दोन विद्यार्थी राहतात. त्यांपैकीं एक महिन्याभरांत रुळतो, तर दुसरा एका चांचणींतील अपयशानेंच खचून जातो. असें कां व्हावें? पैशाची ओढ, शिकविण्याची परकी भाषा इत्यादि कारणें उघड आहेत. परंतु आणखी एक कारण डोळ्यांस दिसत नाहीं. त्यास मानसशास्त्रज्ञ स्नेहबंध म्हणतात. त्याची ओळख आम्ही येथें करून देत आहों.

या विषयाचा पाया इंग्लंडांतील मनोवैद्य जॉन बोल्बी (१९०७–१९९०) यांनीं घातला. इ. स. १९४४ मध्यें त्यांनीं चोरीची संवय जडलेल्या ४४ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील कित्येक मुलें बाळपणीं आईपासून दीर्घ काळ दुरावलेलीं होतीं. पुढें १९६९ सालापासून त्यांनीं आपला सिद्धान्त ग्रंथरूपानें मांडिला. मूल आईस बिलगतें तें केवळ दुधासाठीं नव्हे. संकटसमयीं रक्षणकर्त्याजवळ धांवणें ही त्याची उपजत प्रवृत्ति आहे. वासरूं गाईच्या आसपास मनमुराद हुंदडतें व अपरिचित चाहूल लागतांच तिच्या अंगाशीं येऊन उभें राहतें. पाठीशीं आधार आहे ही खात्री असली म्हणजेच दूर जाण्याचें धैर्य येतें, हें या सिद्धान्ताचें सार होय.

त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनीं प्रथम युगांडांतील व नंतर अमेरिकेंत बाल्टिमोर येथील कुटुंबांत जाऊन माता व बालकें यांचें निरीक्षण केलें. बाल्टिमोर येथें त्यांनीं एक साधी कसोटी योजिली. सुमारें एक वर्षाच्या मुलास आईसह अनोळखी खोलींत आणावयाचें, आईनें थोडा वेळ बाहेर जावयाचें व परत यावयाचें. आई गेली असतां मूल कितपत रडतें यापेक्षां ती परतल्यावर तें कसें वागतें, हें अधिक बोधप्रद ठरलें. कांहीं मुलें आईजवळ जाऊन लवकर शांत होत व पुन्हां खेळूं लागत. तीं निर्धास्त बंधाचीं. कांहीं तिला बिलगत, तिच्यावर रागावतही, आणि त्यांची समजूत लवकर पटत नसे. तीं साशंक बंधाचीं. कांहीं तर आई आल्याची दखलच घेत नसत. तीं अलिप्त बंधाचीं. ही तिसरी मुलें धीट असावींत असें कोणासही वाटेल. परंतु पुढें संशोधकांनीं अशा मुलांच्या हृदयाचे ठोके मोजिले, तेव्हां वरून शांत दिसणाऱ्या या मुलांचे ठोकेही वाढलेले आढळले!

हे बंध बाळपणाबरोबर संपत नाहींत. सिंडी हॅझन व फिलिप शेव्हर यांनीं १९८७ मध्यें प्रौढांच्या प्रश्नावलीचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. उत्तरें देणाऱ्यांपैकीं सुमारें शेंकडा ५६ निर्धास्त, २५ अलिप्त व १९ साशंक वर्गांत पडले. १९९१ मध्यें बार्थोलोम्यू व होरोविट्झ यांनीं विद्यापीठांतील विद्यार्थ्यांच्याच मुलाखतींवरून, जवळीक हवी असूनही तिचें भय बाळगणारांचा निराळा वर्ग दाखविला.

आतां वसतिगृहांतील खोलींत डोकावूं. परीक्षा जवळ आली म्हणजे कोणाचीही छाती धडधडते, झोंप उडते. तें शरीराचें स्वाभाविक लक्षण आहे. भेद पडतो तो त्यापुढें. निर्धास्त विद्यार्थी मित्रास किंवा प्राध्यापकास अडचण सांगतो, मदत घेतो व पुन्हां अभ्यासास लागतो. साशंक विद्यार्थी त्याच चिंतेचा घोळ घालीत बसतो. मित्रानें उत्तर दिलें नाहीं तरी त्याचें चित्त पुस्तकावरून उडतें. अलिप्त विद्यार्थी कोणाकडेच जात नाहीं. घरून विचारणा झाली कीं “सर्व ठीक आहे” एवढेंच सांगतो. पालकांनीं अधिक जपावें तें याच उत्तरास. कारण मौन म्हणजे स्वस्थता नव्हे.

परंतु हे वर्ग म्हणजे कपाळावरील रेघा नव्हेत. एकाच मनुष्याचा बंध वडिलांशीं एक प्रकारचा व मित्राशीं दुसऱ्या प्रकारचा असूं शकतो. बाळपणीं जें उणें राहिलें तें पुढें विश्वासू शिक्षक, सोबती किंवा जोडीदार यांच्या सहवासानें पुष्कळ अंशीं भरून येतें. तसेंच सर्व दोष मातेच्या माथीं मारणेंही अन्यायाचें आहे. मूल आजी, वडील, आत्या अशा अनेकांशीं बंध जोडतें. दारिद्र्य, आजार व वियोग हे कोणी हौसेनें ओढवून घेत नाहीं.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, मुलाशीं बोलतांना पहिला प्रश्न गुणांचा करूं नये. जेवण, झोंप, सोबती यांची चौकशी आधीं करावी. अपयशाची वार्ता त्यानें आपण होऊन सांगितली, तर रागावण्यापूर्वीं त्यानें सांगितलें याबद्दल समाधान दाखवावें. आज रागें भरलों तर उद्यां तें मूल सांगणारच नाहीं.

आणि विद्यार्थिमित्रहो, मदत मागणें हें दुबळेपणाचें लक्षण नव्हे. नव्या ठिकाणीं गेल्यावर पहिल्या महिन्यांतच ज्याच्याजवळ मन मोकळें करतां येईल असें एक तरी माणूस हेरून ठेवा. मन फारच खचलें, जीव नकोसा वाटूं लागला, तर वैद्याकडे जाण्यास क्षणाचाही विलंब करूं नका. भारत सरकारनें १० ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस ही सेवा सुरू केली आहे; १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. वासरूं गाईकडे वळतें म्हणून त्यास कोणी भित्रें म्हणत नाहीं. विसावा घेऊन तेंच पुन्हां रानांत धांवतें.