नाताळचं तिकीट, सहा महिन्यांचं औषध

१९०३ सालचा डिसेंबर. कोपनहेगनमध्ये आयनार होल्बोल नावाचा टपाल खात्यातला एक कर्मचारी शुभेच्छापत्रांचे ढीग उपसत होता. नाताळच्या आधीचे दोन-तीन आठवडे टपालवाल्यांना मान वर करायला सवड नसते. हजारो लोक हजारो लोकांना ‘सुखात राहा’ असं लिहीत होते आणि प्रत्येक पाकिटावर राजाच्या खजिन्यात जाणारं एक तिकीट होतं. होल्बोलच्या मनात आलं, त्याच पाकिटावर आणखी एक लहानसं तिकीट लागलं तर? टपालाच्या दृष्टीनं त्याला काहीच किंमत नसेल, पण त्याचे पैसे आजारी मुलांसाठी जातील. त्याचा स्वतःचा जन्म २४ डिसेंबरचा, १८६५ सालचा. नाताळच्या आदल्या दिवशी जन्मलेल्या माणसालाच हे सुचावं, यात मला फार गोडवा वाटतो.

कल्पना वरिष्ठांनी उचलून धरली आणि प्रकरण थेट राजापर्यंत गेलं. राजा नववा ख्रिश्चन यानं संमती दिली, आणि पहिल्या तिकिटावर त्याच्या दिवंगत राणीचं, लुईसचं चित्र आलं. १९०४ च्या नाताळात हे तिकीट दोन ओरे किमतीला विक्रीला ठेवलं गेलं. ओरे म्हणजे क्रोनरचा शंभरावा भाग; म्हणजे तिकडचे दोन पैसेच म्हणा. डेन्मार्कची लोकसंख्या तेव्हा पंचवीस लाखांच्या आसपास होती. त्या एका हंगामात चाळीस लाखांहून जास्त तिकिटं खपली. लहान पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत माणशी एकाहून अधिक!

ज्या आजारी मुलांसाठी हे पैसे होते, ती क्षयाची होती. क्षय म्हणजे काय, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. थोरले माधवराव पेशवे १७७२ साली थेऊरला गेले ते याच रोगानं, ऐन सत्ताविशीत. आनंदीबाई जोशी अमेरिकेतून डॉक्टर होऊन परतल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात गेल्या, त्याही क्षयानंच. त्यांना बाविसावं वर्षही पुरं करता आलं नाही. त्याच्या पाचच वर्षं आधी, २४ मार्च १८८२ रोजी, रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये या रोगाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं होतं. जंतू सापडला, पण त्याला मारणारं औषध यायला आणखी साठेक वर्षं लागायची होती. तोवर डॉक्टरांच्या हाती होतं ते एवढंच: मोकळी हवा, विश्रांती आणि पोटभर सकस अन्न. या तिन्ही गोष्टी श्रीमंताला सहज मिळत आणि गरिबाला कुणीतरी द्याव्या लागत. म्हणून मुळातच या रोगाशी झुंज म्हणजे दुसऱ्यानं आपल्या घासातला घास काढून देण्याची गोष्ट होती. होल्बोलच्या तिकिटांच्या पैशातून कोल्डिंगच्या खाडीकाठी मुलांसाठी आरोग्यधाम उभं राहिलं आणि १९११ मध्ये ते सुरू झालं.

मला या हकिगतीत सर्वांत मोलाचं वाटतं ते निराळंच. तिकीट घेणाऱ्याला ते मूल दिसत नाही आणि मुलाला तो दाता दिसत नाही. कुणी कुणापुढे हात पसरत नाही, कुणी कुणाच्या डोक्यावर हात ठेवून फोटो काढत नाही. या हाताचं त्या हाताला कळू नये, असं आपल्याकडे म्हणतात. होल्बोलनं त्याची रीतसर व्यवस्था लावून दिली.

डेन्मार्कहून आलेल्या एका पत्रावर हे तिकीट न्यूयॉर्कला पोचलं, जेकब रीस यांच्या हातात. रीस मूळचे डेन्मार्कमधल्या रीब गावचे. विशीत अमेरिकेला गेलेले, न्यूयॉर्कच्या गलिच्छ वस्त्यांची छायाचित्रं काढून सगळ्या शहराला शरम आणणारे पत्रकार. त्यांचे सहा भाऊ क्षयानं गेले होते. त्यांनी १९०७ मध्ये ‘आउटलुक’ नियतकालिकात या तिकिटावर लेख लिहिला आणि आपल्याकडेही हे का होऊ नये, असा सवाल केला.

तो लेख डेलावेअर राज्यातल्या विल्मिंग्टनच्या एमिली बिसेल यांनी वाचला. ब्रँडीवाइन नदीकाठी त्यांचे नात्यातले एक डॉक्टर क्षयरोग्यांसाठी अगदी साधं शुश्रूषागृह चालवत होते. पैसे संपत आले होते. तीनशे डॉलर उभे राहिले नाहीत, तर दारं बंद करून रुग्णांना घरी पाठवावं लागणार होतं, म्हणजे मरायला. बिसेलबाईंनी चाळीस डॉलर उसने घेतले, स्वतःच चित्र काढलं: होली नावाच्या झुडपाच्या पानाफळांची गोल माळ आणि खाली नाताळच्या शुभेच्छा. छपाई एकाच, लाल रंगाची; दुसऱ्या रंगाला पैसे कुठून आणणार? पन्नास हजार तिकिटं छापली. ७ डिसेंबर १९०७ रोजी विल्मिंग्टनच्या टपाल कचेरीच्या दालनात त्यांनी टेबल मांडलं. एका पेनीला एक तिकीट, आणि पंचवीस तिकिटांची लहान लहान पाकिटं.

विक्री थंड होती. नाताळ तोंडावर आलेला आणि तीनशे डॉलर अजून लांब. मग बाई फिलाडेल्फियाला ‘नॉर्थ अमेरिकन’ या वृत्तपत्राच्या कचेरीत गेल्या. रविवारच्या पुरवणीच्या संपादकानं नकार दिला. तिथून निघता निघता त्या ली मिचेल हॉजेस या स्तंभलेखकाला भेटल्या, कारण हॉजेस यांचं लिखाण बाईंना आवडायचं. हॉजेस यांनी ते तिकीट पाहिलं आणि तडक मुख्य संपादकांकडे धाव घेतली. पुढचे दिवस त्या वृत्तपत्रानं हा विषय लावून धरला. हवे होते तीनशे डॉलर, जमले तीन हजार.

याच हंगामातली एक बारीकशी गोष्ट संग्राहकांना ठाऊक असते, इतरांच्या नजरेतून ती सुटते. पहिल्या छपाईच्या तिकिटांवर फक्त नाताळच्या शुभेच्छा होत्या. नंतरच्या छपाईत त्यात नववर्षाच्या शुभेच्छा वाढवल्या, म्हणजे २५ डिसेंबर उलटून गेल्यावरही तिकीट लावता यावं. कारण अगदी व्यवहारी होतं. पण सणाच्या दिवशी उमललेली माया सणासोबत विझून चालणार नाही, हे पहिल्याच वर्षी त्या कामातल्या माणसांना हाताळावं लागलं. रुग्णाला जानेवारीतही जेवायचं असतं.

एमिली बिसेल स्त्रियांच्या मताधिकाराच्या कट्टर विरोधक होत्या. त्यांच्या या भूमिकेशी मी मुळीच सहमत नाही, पण उसन्या चाळीस डॉलरांवर उभ्या राहिलेल्या त्या टेबलापुढे मी मनापासून हात जोडतो. पुढच्याच वर्षी, १९०८ मध्ये, ही तिकिटं सगळ्या अमेरिकेत विकली जाऊ लागली.

आता आपल्याकडे. आरोग्यधामांची कल्पना महाराष्ट्रात चांगलीच रुजली. पाचगणीचं ‘बेल एअर’, मुंबईचं शिवडी रुग्णालय ही नावं जुन्या पिढीच्या घराघरांत दबक्या आवाजात घेतली जात. कॅनडातून आलेले डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत रुग्णालय उभारलं आणि पुढे सांगली-मिरज वाटेवर क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढलं. त्या वस्तीला लोक आजही वानलेसवाडी म्हणतात.

१९३९ मध्ये भारतीय क्षयरोग संघाची स्थापना झाली आणि १९५० पासून संघानं डेन्मार्कच्या धर्तीवर ‘टीबी सील’ काढायला सुरुवात केली. आपल्याकडे त्याचा मुहूर्त नाताळाऐवजी २ ऑक्टोबर, गांधीजयंती, असा धरला गेला. मला हा बदल फार शहाणपणाचा वाटतो. डेन्मार्कची तिकिटं नाताळच्या पत्रांवर स्वार झाली, आपली दसरा-दिवाळीच्या पत्रांबरोबर निघाली. ज्या वाचकांनी शाळेत तिकिटांचं पान हातात घेऊन शेजारच्या बिऱ्हाडांची दारं ठोठावली असतील, त्यांनी नकळत कोपनहेगनच्या त्या टपालवाल्याचंच काम पुढे नेलं.

तिकिटांनी खाटा वाढल्या, पण खाटा कधीच पुरणार नव्हत्या. मग १९५६ मध्ये मद्रासला जे झालं, त्यानं साऱ्या जगाचे डोळे उघडले. भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद यांनी मिळून एक केंद्र सुरू केलं. तोवर आयसोनियाझिडसारखी औषधं हाती आली होती. १९३ रुग्णांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गट पाडले. एक गट वर्षभर आरोग्यधामात राहिला: चांगलं जेवण, पूर्ण विश्रांती. दुसरा आपापल्या घरी: दाटीवाटीच्या खोल्या, तुटपुंजं अन्न, बऱ्याच जणांच्या मागे रोजचं काम. औषधं दोघांना तीच. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरी राहिलेले रुग्ण जवळपास तितक्याच प्रमाणात बरे झाले होते. आणि त्यांच्या घरच्यांना आजार होण्याचं प्रमाण आरोग्यधामातल्या रुग्णांच्या घरच्यांहून जास्त नव्हतं.

म्हणजे रुग्णाला घराबाहेर काढायची गरज नव्हती. आई मुलांजवळ राहून बरी होऊ शकत होती. क्षयाच्या इतिहासात मला याहून मायेचा शोध दुसरा दिसत नाही, आणि तो आपल्या देशातल्या गरीब वस्तीत लागला.

दुःख याचं की घरांना हे अजून पटलेलं नाही. साठहून अधिक वर्षं झाली, तरी सुनेला टीबी निघाला की तिला ‘आराम पडेपर्यंत’ माहेरी पाठवतात. जी घरी राहते तिच्या ताटाच्या कडेला नेलपॉलिशचा ठिपका लागतो, पेला वेगळा होतो, लेकरू जवळ घेऊ देत नाहीत. फुप्फुसाचा क्षय हवेतून पसरतो, खोकल्यातून, ताटवाटीतून नाही. आणि योग्य औषध सुरू झालं की बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत संसर्गाचा धोका झपाट्यानं उतरतो. तो ठिपका मात्र कोर्स संपल्यावरही ताटावर राहतो.

मद्रासच्या प्रयोगाचा आणखी एक अर्थ काढला गेला, आणि तो महागात पडला. औषध असेल तर आहाराचं एवढं काय, असं वैद्यकानं मनाशी धरलं. हा हिशेब पुन्हा मांडला डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी. झारखंडमधल्या चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ या काळात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली दहा हजारांहून अधिक माणसं यांचा अभ्यास केला. रुग्णांना सर्वच घरांत शिधा मिळत होता. फरक घरच्यांच्या बाबतीत होता: एका गटातल्या घरच्यांना माणशी दरमहा ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्या गटातल्या घरच्यांना नाही. २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकांत निष्कर्ष आले. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला, तिथे नवा क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी होतं. फुप्फुसाच्या, जंतू सापडलेल्या क्षयाचं जवळपास निम्म्यानं. दीड किलो डाळ! कुठलीही नवी लस नाही, महागडं यंत्र नाही. जगातल्या क्षयरुग्णांपैकी चौथा हिस्सा आपल्या देशात आहे, हे लक्षात घेतलं की या डाळीची किंमत कळते.

सरकारनं एप्रिल २०१८ पासून रुग्णाला आहारासाठी दरमहा ५०० रुपये द्यायला सुरुवात केली, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये ‘निक्षय मित्र’ योजना आली. कुणीही व्यक्ती, मंडळ, सोसायटी, पतसंस्था रुग्णाच्या संमतीनं त्याच्या शिध्याची जबाबदारी घेऊ शकते. योजना चांगली आहे, आणि सणासुदीला तिच्यात माणसं उत्साहानं उतरतात. पण शिधा देताना रांगेत उभं करून, पिशवी पुढे धरायला लावून काढलेले फोटो पाहिले की माझा जीव कळवळतो. ज्यानं शेजाऱ्यापासून आजार लपवलाय, त्याचा चेहरा गावभर होतो. पिशवी घरपोच द्यावी, शक्यतो आशाताईंच्या हातून.

दुसरं, क्षयाच्या औषधांचा कोर्स सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन, आणि रोज. दिवाळीत गोळ्या सुरू झाल्या तर अक्षय्य तृतीयेच्या सुमारास संपतात. सुरुवातीला मळमळतं, लघवी लालसर होते. लघवीचा हा रंग रिफॅम्पिसिन या औषधामुळे येतो, हे आधी सांगितलेलं नसेल तर माणूस घाबरून गोळी टाकून देतो. नाताळपर्यंत खोकला थांबलेला असतो, वजन वाढू लागतं, आणि नेमकी तिथेच गाडी अडते. ‘आता बरं वाटतंय की!’ कामावर जायला लागलेला माणूस संक्रांतीपर्यंत एक-दोन पाकिटं चुकवतो, होळीपर्यंत सोडूनही देतो, आणि अर्धवट औषधाला न जुमानणारा जंतू घरात वाढतो. म्हणून डिसेंबरात शिधा देणाऱ्यानं फेब्रुवारीतही दार वाजवायला हवं. तेव्हा पिशवी नसली तरी चालेल. दहा मिनिटं बसून गोळी घेतली का, जेवण जातं का, एवढं विचारलं तरी पुरे.

डेन्मार्कमध्ये क्षय ओसरला, तरी नाताळचं तिकीट अजून निघतं. त्यातून चालणाऱ्या घरांत आज वेगळी मुलं येतात: शाळेत छळली गेलेली, एकटी पडलेली, स्वतःवरचा भरवसा गमावलेली. ती तिथे साधारण दहा आठवडे राहतात, वेळेवर जेवतात, खेळतात आणि मित्र जोडतात. रोग बदलला, तशी त्यांनी घरांची कामं बदलली. आपल्याकडे मात्र रोग अजून तोच आहे.

कोर्स संपल्यावर थुंकीची तपासणी होते. ती निगेटिव्ह आली तरी पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी रुग्णाला पुन्हा तपासायचं असतं. या चार फेऱ्या बहुतेक जण चुकवतात, कारण एक दिवसाची मजुरी बुडते आणि सोबतीला कुणी नसतं. निक्षय मित्र म्हणून नाव नोंदवताना ती मजुरी कोण भरून देणार आणि सोबत कोण जाणार, हे आधीच ठरवून टाकावं.